कांबळे आण्णांच्या रिंगा

कांबळे आण्णांच्या कानात मी पहिल्यांदा रिंगा बघितल्या तेव्हा ते दूधवाल्यावर ओरडत होते. ओरडण्याचं नवल नव्हतं, ते रोजचंच होतं. नवल रिंगांचं होतं. सत्तरीला टेकलेला, सहा फूट उंच, ओठावर पांढऱ्या मिशांचा झुपका बाळगणारा माणूस पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी आणि बनियन घालून फाटकात उभा, हातात पातेलं, आणि दोन्ही कानांत बायका घालतात तशा पिवळ्याधमक गोल रिंगा. भिकबाळी म्हणावं तर ती एका कानात असते, आणि वरच्या बाजूला. ह्या खाली पाळीत होत्या, जोडीनं, आणि आण्णा ओरडले की हलत होत्या.

दूधवाल्याची धार पातेल्याबाहेर गेली.

"दूध काय कानात वततोस माझ्या?" आण्णा म्हणाले. "पातेल्यात बघ. ह्ये काय यष्टी स्टँड हाय, उभा ऱ्हाऊन माणसं बघायला?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते आयुष्यभर यष्टीचे ड्रायव्हर होते, राधानगरीच्या रस्त्यावर. निवृत्त झाले तरी जगात जे काही बिघडलेलं आहे ते सगळं यष्टी स्टँडवरून चुकून त्यांच्या दारात आलेलं आहे अशी त्यांची खात्री होती. जिन्यात चपला काढल्या, हे काय यष्टी स्टँड हाय? फाटकाला मांजर टेकून बसलं, तेच. पाहुणे दोनापेक्षा जास्त आले, तेच. एकदा भर दुपारी वावटळ आली आणि अंगणात पाचोळा घुसला, तेव्हा त्यांनी तिलाही हाच प्रश्न विचारला होता.

मी मूळची गारगोटीची. इथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. दिवसभर मी अशा जागी बसते जिथं कुणी मोठ्यानं शिंकलं तरी माना वळतात, आणि संध्याकाळी आण्णांच्या घरी परत येते. वरची माडी माझी, खालचं घर त्यांचं. घर देताना त्यांनी नियम सांगितले ते ओरडूनच सांगितले. गाडी तोंड बाहेर करून लावायची. "उद्या आग लागली तर रिव्हर्स घेत बसणार काय?" दुपारी कुकर लावायचा नाही. जिन्यावरून टाचा आपटत उतरायचं नाही. आणि खालच्या घरात यायचं नाही. "आमची मंडळी आजारी असती. बघायला ती काय नवरी न्हवं." माझं त्यांच्याशी झालेलं सगळं बोलणं जिन्यात झालं, आणि त्यातलं बहुतेक त्यांनीच केलं.

त्या दिवसानंतर रिंगा बदलत गेल्या. पहिल्या पिवळ्या गेल्या तेव्हा आण्णांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या आणि ते महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला घरबसल्या शिव्या घालत होते. "सोन्याचं पाणी म्हणतंय. पाणी कसलं, ॲसिड हाय." मग आल्या पांढऱ्या, मोठ्या, बांगडीएवढ्या. त्या घालून त्यांनी अंघोळीनंतर डोकं पुसलं, टॉवेलचा दोरा रिंगेत अडकला आणि त्यांनी अशी बोंब ठोकली की मी चहा सांडला. त्यानंतर तारेसारख्या बारीक. त्या तीन-चार दिवसांत गेल्या. "ह्या रिंगा न्हाईत, विळ्या हाईत." मग जाड, पोकळ, आणि त्यांचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं, ट्रॅक्टरची टायरं. बाकी प्रत्येक जोडी आठवडाभर तरी कानात राही. दिवसा, दुपारी झोपताना, बाजारात, दवाखान्यात, एका लग्नातसुद्धा. कुणी विचारलं की ते भडकत. कुणी विचारलं नाही, नुसतं बघितलं, की जास्त भडकत.

गल्लीनं आपापले अर्थ लावले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं मत पडलं की म्हातारा नाटकात काम करणार आहे. कुणी म्हणालं, आजारी माणूस सांभाळून सांभाळून डोकं गेलं. कुणीतरी नवसाचं काढलं आणि ते नेमकं आण्णांच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी ते इस्त्रीच्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आमच्या बापानं छप्पन साली देव सोडलं. अंगारा सोडला, धुपारा सोडला, गंडा सोडला. आणि मी आता रिंगा घालून नवस फेडू व्हय? कोण म्हणालं त्ये? पुढं ये म्हणावं."

कुणी पुढं आलं नाही. इस्त्रीवाल्यानं मान खाली घालून एकच शर्ट दोनदा कडक केला. आण्णा परत निघाले तेव्हा मोटरसायकलवरून जाणारी दोन पोरं "आण्णा, एक नंबर लूक" म्हणाली, आणि आण्णा चपला हातात घेऊन त्यांच्यामागं कोपऱ्यापर्यंत धावले. रिंगा धावताना फार हलत होत्या.

मलाही त्यांचा राग येई, उगाच खोटं कशाला सांगू. त्यांच्या ओरडण्यानं माझ्या सुट्टीच्या सकाळी नासल्या होत्या. मी दुसरं घर बघायला लागले होते. अशात एका सकाळी कामावर निघाले असताना ते जिन्याच्या खालच्या पायरीवर आडवे उभे राहिले.

"मॅडम, थांबा. कानात काय हाय त्ये?"

"रिंगा आहेत, आण्णा. मला उशीर होतोय."

"त्या दिसत्यात की. झोपताना काढतासा, का तशाच?"

माझं डोकं फिरलं. "हा प्रश्न परक्या बाईला विचारायचा असतो का?"

"मी कानाचं विचारलं. तुमचं न्हाय."

"बाजूला व्हा."

"कुशीवर झोपल्यावर टोचत्यात का? कानामागं?"

ते हलेनात. मी रागारागानं सांगितलं की टोचत नाहीत, कारण रिंगेला मागं फिरकी नसते. कुड्यांची आणि फुलांची फिरकी मानेत रुतते म्हणून मी ती लग्नाकार्यापुरती घालते आणि ह्या बाळ्या बारा महिने तशाच असतात, झोपेतसुद्धा. भोकं जुनी, बरी झालेली असली की काही होत नाही. झालं समाधान?

वाकून, चष्मा कपाळावर सारून आण्णांनी माझ्या उजव्या कानाकडं गाडीचं चाक तपासावं तसं बघितलं. मग म्हणाले, "रविवारी गुजरीत यायचं माझ्याबरोबर, सराफाकडं. रिक्षा सांगून ठिवतो."

"मी येणार नाही."

"मला एकट्याला दुकानात घालून बघू देत न्हाईत. हाकलत्यात. बाई बरोबर असली की खुर्ची देत्यात."

"आण्णा, पण हे सगळं कशासाठी?"

"रविवारी," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी का गेले ते सांगता येणार नाही. बहुधा न जाऊन आठवडाभर जे ऐकावं लागलं असतं त्याच्या धास्तीनं.

गुजरीतलं ते दुकान मोठं होतं. आत गार हवा, काचेचं लांब काउंटर, काउंटरमागं एकसारख्या साड्यांतल्या तीन मुली, आणि गल्ल्यावर मालक. माझ्याकडं बघून ते हसले, खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "बोला ताई. कुणासाठी बघायचं?"

"माझ्यासाठी," आण्णा म्हणाले आणि त्या खुर्चीत बसले.

मालकांचं हसू जागच्या जागी थांबलं. पण ट्रे आले. आण्णांनी एकेक रिंग उचलून उजेडाकडं धरायला सुरुवात केली, आणि पुढचा तासभर त्या दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुणी काही विकू शकलं नाही.

"हिचं बिजागर बघा. पाळीला चिमटं घेतंय. काढा ही." "ह्याचा खटका उघडाय दोन माणसं लागतील. काढा." "ही पोकळ हाय. अंगाखाली आली की चेमटंल, आणि चेमटली की धार येणार. मग?" "हिचं तोंड उघडं ऱ्हातंय. उशीच्या अभ्र्यात घुसंल." "ही एवढी मोठी कुणाला? बोट घालून वडाय?" "आणि ही एवढी बारकी की पाळीला चापच बसला. रगत कुठनं फिरणार?"

एका मुलीनं धीर करून एक नक्षीची रिंग पुढं केली. हिला फार मागणी आहे म्हणाली. आण्णांनी नक्षीवरून अंगठा फिरवला. "खरकागद हाय. गाल सोलून निघंल."

शेवटी चार जोड्या बाजूला राहिल्या. मग त्यांनी पहिली जोडी कानात घातली, आरशात बघितलंच नाही, आणि शांतपणे डोकं कलतं करून डावा कान काचेच्या काउंटरवर टेकवला. डोळे मिटले.

"काका," मालक उठून म्हणाले, "बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"झोपलोय."

"अं?"

"झोपलोय म्हटलं. बोलू नका. झोपल्याला माणूस बोलतोय व्हय?"

थोड्या वेळानं त्यांनी कूस बदलली, म्हणजे उजवा कान टेकवला. दारातून आत येणारं एक जोडपं तसंच मागं फिरलं. मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही खिडकीबाहेर बघत होते, मी यांच्याबरोबर नाहीच अशा चेहऱ्यानं. एवढ्यात त्यातल्या एकीनं हळूच मोबाइल उचलला आणि काउंटरवर गाल ठेवून पडलेल्या आण्णांवर धरला.

तेव्हा माझं काय झालं कोण जाणे. मी ताडकन उठले. "फोन खाली ठेवा," मी म्हणाले, आणि तो आवाज माझाच आहे हे मला उशिरा कळलं. "खाली ठेवा म्हणते. गिऱ्हाईक आहेत ते. त्यांना जसं बघायचं तसं बघतील. तुम्हाला दाखवायचं नसेल तर तसं सांगा, गुजरी इथंच संपत नाही."

मुलीनं फोन ठेवला. मालकांनी तिला आत पाठवलं आणि माझी माफी मागितली. काउंटरवरून आण्णांचा एक डोळा उघडला.

"आवाज बरा हाय की, मॅडम," ते म्हणाले आणि डोळा परत मिटला.

त्यांनी निवडली ती जोडी दिसायला काहीच नव्हती. साधी, गुळगुळीत, नखाएवढ्या घेराची. तिला खटका नव्हता, बिजागर नव्हतं. तार गोल फिरून दुसऱ्या टोकाच्या नळीत सरकून बसायची आणि सांधा कुठं आहे ते बोटाला लागायचं नाही. वजन एवढं हलकं की तळहातावर ठेवली तरी कळत नव्हती. आण्णांनी ती गालावरून, ओठावरून, मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघितली.

"ह्याच्या दोन जोड्या द्या. सारख्या. केसाचा फरक न्हाय पायजे."

"दुसरी जोडी कुणासाठी, काका?"

"ह्ये काय यष्टी स्टँड हाय?" आण्णा म्हणाले. "बांधा."

परतताना रिक्षात ते मुठीत डबी धरून बसले होते. मी काही विचारलं नाही. घराशी उतरल्यावर मी जिन्याकडं वळले तर मागून म्हणाले, "वर कुठं निघालासा? आत या. तुमची बोटं बारीक हाईत."

अशी मी त्या घरात पहिल्यांदा गेले.

खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर त्यांची बायको, हौसामावशी. अंगानं बारीक, केसांची स्वच्छ वेणी, कपाळ मोकळं, उजवा हात उशीवर ठेवून दिल्यासारखा निपचित. डोळे मात्र जागे. ते आधी आण्णांवर गेले, मग माझ्यावर, मग माझ्या कानावर, आणि तिथंच थांबले. पलंगाशेजारी त्यांची धाकटी बहीण मालन बसली होती. ती हातकणंगल्याहून आली होती.

"हात लावला न्हाईस न्हवं कानाला?" आण्णांनी दारातूनच विचारलं.

"न्हाय वो दाजी," मालन म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

आण्णा रिंगा उकळत्या पाण्यात घालायला गेले तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आक्काला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगावरचं सगळं काढून पिशवीत घालून दिलं, कानातलंसुद्धा. घरी आणल्यावर मालन बघायला आली. बहिणीचे मोकळे कान तिला बघवेनात. तिनं स्वतःचे झुबे काढून बहिणीच्या कानात घातले, वरून फिरकी घट्ट केली, पडू नयेत म्हणून. आक्का डाव्या हातानं सारखी उजव्या कानाकडं हात न्यायची. मालनला आणि दाजींना वाटलं, आवडलेत. हात लावून लावून बघतीया. दाजी तर हसले होते. चार दिवसांनी उशी बदलताना अभ्र्यावर डाग दिसला. कुशीवर निजवत होते तीच बाजू, फिरकी मागून मांसात गेलेली, पाळी पिकलेली.

"तवापासनं दाजी असं वरडत्यात बघा," मालन म्हणाली. "आधी ह्या माणसाचं तोंड कुणी ऐकल्यालं नव्हतं. घरात बोलायची ती आक्का. दाजी ड्युटीवरनं आलं की हिचा पट्टा सुरू व्हायचा, ते झोपंपर्यंत. हे नुसतं व्हय म्हणायचं. आता ती एक आवाज काढत न्हाय, नुसतं डोळ्यातनं पाणी, आणि ह्यांचं तोंड थांबत न्हाय."

आण्णा वाटी घेऊन आले. आत त्या चार रिंगा होत्या. मला आण्णांचा राग येत होता, मालनचा येत होता, आणि कुणाचा ते न कळेल असाही येत होता. मी विचारलं, "एवढं झालं आहे तर घालायचंच कशाला, आण्णा? मोकळे राहू द्यात की कान."

"मला काय हौस हाय?" ते एकदम कडाडले. "ती मागतीया. दिवसा सांभाळाय एक बाई येती, तिच्या कानात रिंग हाय. हिनं मागं एकदा तिचा कान धरला त्यो सोडंना. आणि मग सवताच्या कानावर बोट ठिवलं. एकदा न्हाय, रोज. बाई कट्टाळली. मी आरसा आणला, म्हटलं, काय म्हणतीस सांग. आरशात बघून रडली." त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "घालणार तर मी. पण ह्या वक्ताला मला आधी कळलं पायजे कुठं दुखतंय, कुठं न्हाय. ती सांगणार न्हाय. मग सांगणार कोण? त्यो दुकानदार? ही मालन?"

"तुमचे कान टोचलेले होते?"

"आमच्या आजीनं लहानपणीच टोचल्यालं. उजवं भोक तसंच हुतं, डावं बुजल्यालं. सोनाराकडनं परत पाडून घेतलं. बरं होईपतूर थांबलो. पिकल्याल्या कानानं काय कळणार? बऱ्या कानानंच बऱ्या कानाचं कळतंय."

मी हात धुतले. हौसामावशींच्या उजव्या पाळीच्या मागं एक पांढरट, दाणेदार वण होता, पण भोक स्वच्छ होतं. आण्णा माझ्या खांद्यावरून वाकून, सगळा उजेड अडवून बघत होते. मी त्यांना लांब व्हायला सांगितलं. ते एक पाऊल मागं सरले आणि लगेच परत पुढं आले. तार आत गेली, गोल फिरली, नळीत बसली. मग डावी.

मावशींनी डावा हात उचलून दोन्ही कान चाचपले. सांधा शोधला, तो सापडला नाही. मग त्या खिडकीकडं तोंड करून पडून राहिल्या, आणि बोट रिंगेवर फिरत राहिलं.

"दुखत असंल तर बोट उचल," आण्णा म्हणाले. बोट फिरतच राहिलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. दुसरी जोडी त्यांनी स्वतःच्या कानात घातली.

"आता कशाला?" मी म्हणाले. "निवडून झाल्या की."

"आज झालंय. उद्याचं काय? तिच्या कानात हाय तवर माझ्या कानात. मला टोचलं म्हंजे तिला टोचलं."

त्या दिवसापासून ते दोघं सारख्या रिंगा घालू लागले. पलंगाशेजारी आण्णांनी आपली खाट टाकली होती. मावशींना ज्या कुशीवर वळवायचे त्याच कुशीवर स्वतः झोपायचे, तेवढाच वेळ. सकाळी कुठं वळ उठला आहे का ते दोघांच्याही कानांवर बघायचे. मी आता अधूनमधून खाली जात असे. मला कुणी बोलवत नव्हतं, आणि कुणी हाकलतही नव्हतं. गल्लीत इस्त्रीवाल्यानं एकदा मला हसत हसत विचारलं की म्हाताऱ्याच्या नाटकाचा प्रयोग कधी आहे. मी माझे इस्त्री न केलेले कपडे उचलून घरी आणले. तेव्हापासून मी इस्त्री घरीच करते आणि वाईट करते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गारगोटीला जाऊन आले. परत आले त्या संध्याकाळी आण्णा अंगणात पाण्याच्या मोटारीला शिव्या घालत होते. त्यांचा डावा कान मला लांबून दिसला. पाळी टोमॅटोसारखी झाली होती, चकाकत होती, आणि त्यात ती नखाएवढी रिंग बुडून गेली होती.

"आण्णा, कान सुजलाय तुमचा."

"माझा कान हाय."

"रिंग काढा आधी."

"काढतो की. आणि हिची टोचाय लागली तर? कोण सांगणार मला?"

"मावशींचा कान चांगला आहे?"

"आज चांगला हाय."

"मग? तुमचं भोक नवं पाडलंय म्हणून सुजलंय. त्यांची भोकं चाळीस-पन्नास वर्षांची आहेत. तुमचं त्यांना कसं लागू होईल?"

"तुमी पुस्तकं लावा," आण्णा म्हणाले. "माझं डोस्कं खाऊ नकासा."

मी वर गेले, कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि सरळ त्यांच्या घरात शिरले. मागून ते ओरडत आले. मी पलंगाशेजारची खुर्ची ओढली आणि बसा म्हणाले. मी इतकी चिडले होते की ते बसले. पण मी कानाला हात लावल्याबरोबर त्यांनी डोकं झटकलं आणि असे गरजले की खिडकीतलं तावदान थरथरलं.

मावशी जाग्या होत्या. त्यांनी मान वळवली. डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. मला वाटलं, पाणी पाहिजे. मी पेला उचलेपर्यंत त्या हातानं आण्णांचा कान वरून धरला होता, शाळेत मुलाचा धरतात तसा. त्या ओढायला लागल्या. आण्णांना खुर्चीतून पुढं वाकावं लागलं, आणखी वाकावं लागलं, इतकं की त्यांचं डोकं उशीपाशी आलं. मावशींनी ती लाल पाळी जवळून बघितली. मग त्यांच्या तोंडातून आवाज आला.

त्यात शब्द नव्हता. आधी घशातून खरखर आली, मग आवाज मोठा झाला, मग वर चढला. थांबून दम घेतला आणि परत सुरू झाला. त्याला चढउतार होते, मधे प्रश्न होते, उत्तराची वाट न बघता पुढचे प्रश्न होते. बोट कानावर आपटत होतं, मग त्यांच्या खाटेकडं जात होतं, मग परत कानावर. काय म्हणत होत्या ते मला कळत नव्हतं, पण कुणाला म्हणत होत्या आणि का, ते गल्लीतल्या कुणालाही कळलं असतं. आण्णांनी एक अक्षर न बोलता स्वतःच्या बोटांनी रिंग काढली. दुखलं असणार, त्यांचे डोळे गच्च मिटले. ती त्यांनी मावशींच्या तळहातावर ठेवली. मावशींनी मूठ मिटली, आणि मूठ पलंगावर आपटत बोलणं तसंच चालू ठेवलं.

मी कापूस स्पिरिटमध्ये भिजवला आणि पुढं झाले.

"थांबा जरा, मॅडम," आण्णा हळू म्हणाले. डोकं त्यांनी उशीवरून उचललं नव्हतं. "बोलू द्या तिला."